वेठबिगार

वेठबिगार : एखाद्या व्यक्तीकडून तिच्या इच्छेविरुद्ध, मोबदला न देता किंवा नाममात्र मोबदला देऊन काम करून घेण्याची पद्धती. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टी’ या शब्दापासून, तर ‘बिगार’ हा फार्सी ‘बेगार’ या शब्दापासून आलेला असून दोहोंचा अर्थ विनामूल्य सक्तीचे श्रम असाच आहे. मराठीत या जोडशब्दाने दोन भिन्न प्रकारांचा बोध होतो. राजसत्तेने, वतनदाराने किंवा गावाने रूढीच्या आधारे लादलेले काम हा पहिला प्रकार होय. कर्जाच्या वा उचलीच्या फेडीसाठी ऋणकोने, आणि पुष्कळदा त्याच्या कुटुंबीयांनी व वारसांनी, धनकोकडे राबणे हा दुसरा प्रकार होय. पहिल्या प्रकारात सक्ती उघड असते. दुसऱ्यात ती कराराच्या आवरणाखाली झाकलेली असते.

वेठबिगारी आणि गुलामगिरी यांत साम्य असले, तरी फरकही आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता मानली जाते व तिची खरेदी-विक्री होऊ शकते. वेठबिगार हा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र माणूस असतो. त्याच्या पायात बेडी नसते. त्याने कर्ज घेतलेले असते व कामाला संमतीही दिलेली असते. तथापि कर्ज कधीच फिटत नसल्यामुळे दुसरीकडे काम करण्याचे, गाव सोडून जाण्याचे आणि आपल्या श्रमाची बाजारभावाने किंमत मिळविण्याचे स्वातंत्र्य तो गमावून बसतो. यामुळेच गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आल्यानंतरही वेठबिगारी टिकून राहिली. ती ओळखायची कशी, म्हणजेच दिसायला स्वेच्छेच्या असलेल्या श्रमातील सक्ती कायद्याने कशी शोधायची, हा तिच्या निर्मूलनातील मुख्य प्रश्न ठरला.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : कौटिलीय अर्थशास्त्रात विष्टीचा उल्लेख राज्याच्या साधनसंपत्तीच्या संदर्भात येतो. प्राचीन दानपत्रांत दान दिलेल्या गावाला विष्टीपासून सूट दिल्याचे नमूद केलेले असते. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या चमक (अमरावती जिल्हा) येथील ताम्रपटात अशी माफी आढळते. माफी मुद्दाम लिहून द्यावी लागे, यावरून वेठ हा त्या काळी सर्वसाधारण नियम होता, असे अनुमान निघते. मराठेशाहीतील व पेशवाईतील कागदपत्रांतही वेठबिगारीचे आणि तिच्या माफीचे उल्लेख येतात. सरकारी सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोचविणे, किल्ल्यांच्या बांधकामावर राबणे, अधिकाऱ्यांच्या मुक्कामी लाकूडफाटा व गवत पुरविणे इ. कामे रयतेला करावी लागत.

वेठीचा भार सर्वांवर सारखा नव्हता. तो कोणी वाहावयाचा, हे बहुधा जातीवरून ठरे. गावगाड्यात महारांकडे सरकारी टपाल पोचविणे, वसुलाचा भरणा नेणे, हद्दीची निगराणी करणे, दवंडी देणे, मेलेली गुरे ओढणे अशी कामे वंशपरंपरेने असत. त्यांच्या मोबदल्यात वतनी जमीन व बलुते मिळे. परंतु कामाचे तास वा स्वरूप निश्चित नसल्यामुळे आणि कुटुंबातील कोणालाही केव्हाही राबविता येत असल्यामुळे हे वतन व्यवहारात वेठच होती.

ब्रिटिश अंमल : १८४३ च्या पाचव्या अधिनियमान्वये ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. माणसावरील मालकी हक्काचा दावा न्यायालयात चालेनासा झाला. पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेने गुलामांचा व्यापार हा अपराध ठरविला आणि तिच्या ३७४ व्या कलमाने बेकायदेशीर सक्तीचे श्रम करवून घेणे शिक्षापात्र केले. तथापि त्याच सुमारास विरुद्ध दिशेने जाणारा एक कायदा अंमलात होता. १८५९ च्या कामगार करारभंग अधिनियमान्वये उचल घेतलेल्या कारागिराने वा मजुराने काम सोडले, तर मालकाच्या तक्रारीवरून दंडाधिकारी त्याला पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा आदेश देई आणि तो न पाळल्यास मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शके. अन्य कोणताही करार मोडल्यास केवळ दिवाणी दावा करता येत असता, मजुराने मोडलेला करार मात्र फौजदारी गुन्हा ठरत असे. गुलामगिरीचे नाव कायद्यातून गेले, पण कर्जाच्या जोरावर श्रम करवून घेण्याच्या मालकाच्या हक्कामागे शासनाची शक्ती उभी राहिली. हा अधिनियम १९२५ च्या निरसन कायद्याने रद्द झाला.

या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांत ऋणबद्ध श्रमाच्या पद्धती निरनिराळ्या नावांनी रूढ होत्या. बिहारमधील ‘कमिया’, दक्षिण गुजरातमधील ‘हाळी’, राजस्थानातील ‘सागडी’, ओरिसातील ‘गोठी’, कर्नाटकातील ‘जीत’ आणि निजामी तेलंगणातील ‘वेट्टी’ ही त्यांची उदाहरणे होत. प्रांतोप्रांती त्यांवर मर्यादित कायदेही झाले. १९२० च्या बिहार व ओरिसा कमियौती करार अधिनियमाने अशा करारांच्या मुदतीवर व अटींवर निर्बंध घातले. स्वातंत्र्यानंतर राजस्थानने १९६१ मध्ये सागडी पद्धती रद्द करणारा कायदा केला. या कायद्यांची अंमलबजावणी महसुली यंत्रणेवर सोपविलेली असे आणि गावपातळीवर त्या यंत्रणेचे लागेबांधे बहुधा धनकोंशी असत. त्यामुळे त्यांचा परिणाम थोडाच झाला.

वेठविरोधी चळवळी : पहिल्या प्रकारच्या, म्हणजे शासनाने लादलेल्या वेठीविरुद्धचा सर्वांत गाजलेला लढा कुमाऊँमध्ये झाला. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचे सामान वाहून नेण्याची सक्ती तेथील गावकऱ्यांवर असे व त्यासाठी गावोगावी नोंदवह्या ठेवलेल्या असत. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वर येथील उत्तरायणीच्या जत्रेत जमलेल्या लोकांनी या वह्या सरयू नदीत बुडविल्या व यापुढे वेठ न करण्याची शपथ घेतली. त्यानंतर ही प्रथा मोडीत निघाली.

महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महार वतनाच्या प्रश्नाला हात घातला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. वतनदारांना निश्चित वेतन मिळावे, ज्यांना वतनातून मुक्त व्हायचे असेल त्यांना तसे होता यावे व जमीन त्यांच्याकडे राहावी, अशी त्यामागील भूमिका होती. ते विधेयक संमत झाले नाही. मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ गाववतने रद्द करणारा अधिनियम केला, तेव्हा या वतनाचा कायदेशीर शेवट झाला.

ठाणे जिल्ह्याच्या डहाणू, उंबरगाव, पालघर, जव्हार इ. भागांतील वारली व अन्य आदिवासींमध्ये दोन्ही प्रकारची वेठ एकत्र नांदत होती. जमीनदार व जंगलाचे ठेकेदार आपल्या कुळांकडून लावणी, गवतकापणी व लाकूडतोड ही कामे वेठीने करवून घेत. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे कर्ज घेणारा तरुण त्याचा ‘लग्नगडी’ होई आणि पुढे तो व त्याची पत्नी दोघेही त्याच्याकडे राबत. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात आदिवासींच्या या पिळवणुकीची नोंद आहे. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने या भागात चळवळ उभारली. वेठ बंद झाली पाहिजे व कामाची मजुरी रोख मिळाली पाहिजे, या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात काही जण ठार झाले. दडपशाही झाली, तरी वेठ करण्यास नकार देण्याचा निर्धार टिकला आणि त्या भागातील वेठ व लग्नगडी या प्रथा मोडल्या. गोदावरी परुळेकरांच्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात या लढ्याची हकिकत आली असून त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

आंतरराष्ट्रीय करार : राष्ट्रसंघाने १९२६ साली गुलामगिरीविषयक करार संमत केला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९३० साली सक्तीच्या श्रमासंबंधीचा एकोणतिसावा संकेत स्वीकारला. शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेले व व्यक्तीने स्वेच्छेने न पतकरलेले काम, अशी सक्तीच्या श्रमाची व्याख्या त्यात केलेली आहे. भारताने तो १९५४ मध्ये व याच विषयावरील १९५७ चा एकशे पाचवा संकेत २००० मध्ये अनुसमर्थित केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९५६ च्या पूरक करारात ऋणदास्याचा प्रथमच स्पष्ट समावेश झाला. ज्या सेवेचे वाजवी मूल्य कर्जफेडीत जमा धरले जात नाही किंवा जिची मुदत व स्वरूप मर्यादित केलेले नाही, अशी सेवा कर्जाच्या तारणादाखल देणे म्हणजे ऋणदास्य, असे त्यात म्हटले आहे.

उचल आणि कायदा यांच्या संबंधाचा प्रश्न केवळ भारतापुरता नव्हता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाल्यानंतर दक्षिणेकडील अनेक राज्यांत कृष्णवर्णीय शेतमजूर कर्जाने बांधले गेले. उचल घेऊन काम सोडणे म्हणजेच फसवणुकीचा पुरावा, असे मानणारा अलाबामा राज्याचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेली विरुद्ध अलाबामा (१९११) या खटल्यात घटनाबाह्य ठरविला. मजुराला काम सोडता येणे, हाच त्याच्या स्वातंत्र्याचा गाभा आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

संविधानातील तरतूद : डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या स्टेट्स अँड मायनॉरिटीज या निवेदनात सक्तीचे श्रम हा अपराध ठरवावा, असे सुचविले होते. संविधानाच्या मसुद्यातील सतराव्या अनुच्छेदावर ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चर्चा झाली. तोच अनुच्छेद अंतिम संविधानात तेविसावा झाला. माणसांचा अपव्यापार, बिगार आणि तत्सम अन्य सक्तीचे श्रम यांना त्याच्या पहिल्या खंडाने मनाई केली असून तिचे उल्लंघन हा कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध ठरविला आहे. सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याचा अधिकार दुसऱ्या खंडाने राज्याकडे राखून ठेवला आहे. मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येत नाही. चौदा वर्षांखालील बालकांना कारखाने, खाणी व धोक्याच्या अन्य कामांवर ठेवण्यास चोविसाव्या अनुच्छेदाने मनाई केली आहे.

तेविसाव्या अनुच्छेदाचे वैशिष्ट्य असे, की बहुतेक मूलभूत हक्क राज्याविरुद्ध असतात, तर हा हक्क राज्याइतकाच खाजगी व्यक्तींविरुद्धही लागू होतो. अस्पृश्यतानिवारणाच्या सतराव्या अनुच्छेदाप्रमाणेच याही अनुच्छेदामागे भारतीय समाजरचनेचे वास्तव आहे : येथे माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेणारा नेहमीच शासनकर्ता नसे, तो सावकार, जमीनदार वा गाव असे. गावप्रमुखाकडे प्रत्येक घराने एक दिवस विनामूल्य काम करण्याची रूढीदेखील या अनुच्छेदाविरुद्ध ठरते, असा निर्णय मणिपूरच्या न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाने दिला (१९६१).

पस्तिसाव्या अनुच्छेदाने या अपराधांना शिक्षा ठरविणारे कायदे करण्याचा अधिकार एकट्या संसदेकडे दिला. तथापि ऋणबद्ध श्रमावर असा देशव्यापी कायदा होण्यास संविधानाच्या अंमलानंतर पंचवीस वर्षे लागली.

१९७६ चा अधिनियम : जुलै १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात वेठबिगारीच्या निर्मूलनाचा समावेश होता. त्यानुसार २५ ऑक्टोबर १९७५ पासून एक अध्यादेश लागू झाला व त्याची जागा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ याने घेतली. या अधिनियमाने वेठबिगार पद्धती देशभर नष्ट झाल्याचे व प्रत्येक वेठबिगार मुक्त झाल्याचे घोषित केले. तत्संबंधीचे सर्व करार, रूढी व परंपरा रद्दबातल ठरल्या. वेठबिगाराचे कर्ज संपुष्टात आले. त्याची तारण मालमत्ता मोकळी झाली व त्याला राहत्या जागेतून काढण्यास मनाई करण्यात आली. वेठबिगारी करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरविण्यात आली. वसूल झालेल्या दंडातून मजुराला त्याने राबलेल्या प्रत्येक दिवसासाठी पाच रुपये देण्याची तरतूद आहे.

अधिनियमातील व्याख्या विस्तृत आहे. उचल, रूढीने आलेले वा वारशाने आलेले ऋण किंवा विशिष्ट जातीत वा समाजात जन्म झाल्यामुळे येणारे बंधन यांपैकी कोणत्याही कारणाने मजूर विनावेतन वा नाममात्र वेतनावर राबत असेल किंवा अन्यत्र काम करण्याचे, मुक्तपणे फिरण्याचे अथवा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, तर तो वेठबिगार ठरतो. कंत्राटी आणि परप्रांतातून आलेले स्थलांतरित मजूरही या व्याख्येत येऊ शकतात, असा खुलासा १९८५ च्या दुरुस्तीने जोडण्यात आला. पंधरावे कलम विशेष महत्त्वाचे आहे. एखादे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने धनकोवर टाकली. १८५९ च्या कायद्यात मजूर आरोपी व मालक फिर्यादी होता. या कलमाने ती स्थिती उलटविली.

अंमलबजावणी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविलेली आहे. जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असाव्यात आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी व सामाजिक कार्यकर्ते असावेत, अशी तरतूद आहे. अनेक जिल्ह्यांत या समित्या दीर्घकाळ स्थापनच झाल्या नाहीत किंवा झाल्या तरी कागदावर राहिल्या. एखाद्या जिल्ह्यात वेठबिगार सापडणे म्हणजे तेथील प्रशासनाचे अपयश, अशी समजूत असल्यामुळे ते नाहीतच, असे कळविण्याकडे अधिकाऱ्यांचा कल राहिला. गणनेतील तफावत हे याचे ठळक उदाहरण होय. गांधी शांती प्रतिष्ठान व राष्ट्रीय श्रम संस्था यांच्या १९७८–७९ च्या पाहणीत दहा राज्यांत २६·१७ लाख वेठबिगार असल्याचा अंदाज निघाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या बत्तिसाव्या फेरीत सोळा राज्यांत ही संख्या ३·४५ लाख धरण्यात आली. एकाच काळातील या दोन आकड्यांत सातपटींहून अधिक अंतर आहे. वेठबिगार कोणाला म्हणावयाचे, याविषयी एकवाक्यता नसल्याचे ते द्योतक होय.

न्यायालयीन अन्वयार्थ : या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने १९८२ ते १९८४ या काळातील चार निवाड्यांत उत्तर दिले. त्यांपैकी पहिला पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार (१९८२) हा होय. दिल्लीत भरणाऱ्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी क्रीडागारे, उड्डाणपूल इ. बांधकामे चालू होती. तेथील मजुरांचे किमान वेतन दिवसाला ९ रु. २५ पैसे होते; परंतु ते ठेकेदाराकडून जमादाराच्या हाती पडे व तो प्रत्येकामागे एक रुपया आपले कमिशन म्हणून कापून घेई. मजूर स्वतः न्यायालयात जाण्याच्या स्थितीत नव्हते. म्हणून या संघटनेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले व ते रिट अर्ज म्हणून दाखल करून घेण्यात आले. मजूर स्वेच्छेने कामावर आले असताना हे श्रम सक्तीचे कसे, हा मुख्य मुद्दा होता. न्यायालयाच्या मते, सक्ती म्हणजे केवळ शारीरिक बळ किंवा कायद्याचा धाक नव्हे. भूक व दारिद्र्य यांमुळे ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच उरत नाही, त्याच्यावर परिस्थितीची सक्ती असते. कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी वेतनावर कोणीही खुशीने काम करीत नाही. म्हणून असे श्रम तेविसाव्या अनुच्छेदातील ‘सक्तीचे श्रम’ या संज्ञेत येतात. या निवाड्याने किमान वेतन हा केवळ कामगार कायद्याचा विषय न राहता मूलभूत हक्काचा विषय झाला.

हीच कसोटी नंतर खुद्द शासनाला लावण्यात आली. राजस्थानात दुष्काळी कामांवरील मजुरांना १९६४ च्या राज्य कायद्याने किमान वेतनाच्या संरक्षणातून वगळले होते. शासन दुष्काळग्रस्तांना मदत म्हणून काम देते, तेव्हा पूर्ण वेतन देण्यास ते बांधलेले नाही, असा युक्तिवाद होता. संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य (१९८३) या खटल्यात न्यायालयाने तो फेटाळला. लोकांच्या असहायतेचा लाभ घेऊन शासनालाही कमी वेतनावर काम करवून घेता येणार नाही, असे न्या. भगवती यांनी म्हटले. न्या. आर. एस. पाठक यांनी निष्कर्षाशी सहमती दर्शविली. मात्र त्यांनी तो समानतेच्या चौदाव्या अनुच्छेदावर आधारला.

तिसरा निवाडा बंधुआ मुक्ती मोर्चा विरुद्ध भारत सरकार (निर्णय १६ डिसेंबर १९८३) हा होय. हरियाणातील फरिदाबाद परिसरातील दगडखाणींत परप्रांतीय मजूर अमानुष परिस्थितीत राबत असल्याचे स्वामी अग्निवेश यांच्या या संघटनेने पत्राद्वारे न्यायालयास कळविले होते. हे मजूर सक्तीने राबत असले, तरी त्यांनी उचल घेतल्याचे सिद्ध झाल्याविना ते वेठबिगार ठरत नाहीत, अशी हरियाणा सरकारची भूमिका होती. ती मान्य झाली असती, तर अधिनियम निरुपयोगी ठरला असता. कारण उचलीचा हिशेब मालकाच्या वहीत असतो व अक्षरशून्य मजुरापाशी कसलाच कागद नसतो. सक्तीचे श्रम दिसून आले, की ते उचलीमुळे वा तत्सम बंधनामुळेच आहेत, असे गृहीत धरावे व ते तसे नाहीत, हे मालकाने अथवा शासनाने सिद्ध करावे, असा नियम न्यायालयाने घालून दिला. एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात मानवी प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क अंतर्भूत आहे, असेही प्रतिपादन या निवाड्यात आहे. वस्तुस्थितीच्या पाहणीसाठी न्यायालयाने आयुक्त नेमले. पत्र हाच अर्ज मानणे व आयुक्तांकरवी पुरावा मिळविणे, या जनहित याचिकेच्या रीती अशा खटल्यांतून दृढ झाल्या.

नीरजा चौधरी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८४) या खटल्यात सुटकेनंतरचा प्रश्न पुढे आला. फरिदाबादच्या खाणींतून मुक्त झालेले मजूर आपल्या गावी परतले. परंतु अनेक महिने त्यांना जमीन, काम वा साहाय्य यांपैकी काहीच मिळाले नाही. पुनर्वसन न करता मुक्त केलेला मजूर उपासमारीमुळे पुन्हा धनकोकडेच जाईल. म्हणून मुक्ततेइतकेच पुनर्वसन हेही राज्याचे सांविधानिक कर्तव्य आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे १९९७ मध्ये अधिनियमाच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविण्यात आले. तुरुंगात सक्तमजुरीची शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांनाही त्यांच्या कामाचे न्याय्य वेतन दिले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला.

पुनर्वसन : मुक्त वेठबिगारांच्या पुनर्वसनासाठी केंद्र शासनाने १९७८ मध्ये योजना सुरू केली. आरंभी प्रत्येक मजुरास ४,००० रु. साहाय्य मिळे व त्याचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलीत. ही रक्कम क्रमाने वाढून २००० साली २०,००० रु. झाली. मे २०१६ मध्ये योजनेची पुनर्रचना होऊन प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व बालके यांना दोन लाख आणि लैंगिक शोषण, मानवी अपव्यापार अशा अत्यंत गंभीर प्रकरणी तीन लाख रुपये असे साहाय्य ठरले. मात्र पूर्ण रक्कम मालकाच्या दोषसिद्धीशी जोडण्यात आली. दोषसिद्धीस वर्षे लागतात व पुष्कळदा ती होतच नाही. त्यामुळे तात्काळ साहाय्याच्या अल्प रकमेपलीकडे अनेकांच्या हाती काही पडत नाही. हे तात्काळ साहाय्य २०२२ पासून ३०,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. मजुरास मिळणारे ‘मुक्तता प्रमाणपत्र’ हा या सर्व लाभांचा आधार असून ते न मिळाल्यास कायद्याच्या दृष्टीने त्याची मुक्तता झालेलीच नसते. शासकीय आकडेवारीप्रमाणे १९७८ नंतरच्या सु. साडेचार दशकांत तीन लाखांहून थोडे अधिक वेठबिगार मुक्त करण्यात आले. २०१६ मध्ये मात्र केंद्र शासनानेच २०३० पर्यंत १·८४ कोटी वेठबिगारांना मुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. या दोन आकड्यांवरून झालेल्या आणि उरलेल्या कामाची कल्पना येते.

आधुनिक स्वरूप : पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमीनदाराकडे राबणारा वेठबिगार आता विरळ झाला आहे. त्याच्या जागी ठेकेदाराच्या वा मुकादमाच्या उचलीने बांधला गेलेला हंगामी स्थलांतरित मजूर आला. वीटभट्ट्या, दगडखाणी, भातगिरण्या, यंत्रमाग, मिठागरे, बांधकामे व घरकाम ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. महाराष्ट्रात ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबे पावसाळा संपताना उचल घेऊन वीटभट्टीवर वा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो, तो मालकाच्या वहीवरून होतो व पुष्कळदा बाकी पुढच्या वर्षाच्या नावे पडते. वसई तालुक्यातील आदिवासी वेठबिगारांच्या प्रश्नावर विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून १९७६ च्या अधिनियमाचा आधार घेऊन मुक्ततेचे काम केले.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या व्यवहारात वेठबिगारीची काही लक्षणे आढळतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल मुकादमाकडून हंगामापूर्वी मिळते. एखाद्या दिवशी काम न झाल्यास ‘खाडा’ धरून रक्कम कापली जाते आणि फड संपेपर्यंत सोडून जाता येत नाही. हे सर्व कामगार वेठबिगार नव्हेत. तथापि उचल फिटेपर्यंत ज्याला जाऊ दिले जात नाही, त्याची स्थिती अधिनियमाच्या व्याख्येत बसते. ‘उचल’ हा शब्द व्यवहारात निरुपद्रवी मानला जात असल्यामुळे हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

फौजदारी कायद्यातही बदल झाले. २०१३ मध्ये दंड संहितेच्या ३७० व्या कलमात मानवी अपव्यापाराची विस्तृत व्याख्या आली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिच्या १४३ ते १४६ या कलमांत अपव्यापार व सक्तीचे श्रम यांविषयीच्या तरतुदी आहेत. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ हिने २१ नोव्हेंबर २०२५ पासून घेतली. १९७६ चा अधिनियम मात्र कायम आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २·७६ कोटी लोक सक्तीच्या श्रमात होते.

वेठबिगारीच्या निर्मूलनाचा इतिहास पाहता कायद्याच्या दृष्टीतील बदल ध्यानात येतो. मजुराने पैसे घेतले म्हणून त्याला कैद करण्यापासून, तो का थांबला आहे हे मालकाला विचारण्यापर्यंत कायदा आला. तथापि हा प्रश्न विचारण्याचे काम जिल्ह्याच्या प्रशासनाला करावयाचे असते. ज्या घरात पावसाळ्यात धान्य नाही व आजारपणासाठी पैसा नाही, ते घर उचल घेणारच. किमान वेतन प्रत्यक्ष हाती पडणे, संकटकाळी व्याजाविना कर्ज मिळणे, गावात काम उपलब्ध असणे व जमिनीचा आधार असणे, या गोष्टी जेथे साध्य झाल्या, तेथेच मुक्त झालेला मजूर मुक्त राहू शकला आहे.